सरकून घ्या

वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवणारा एक गृहस्थ हमखास असतो. "सरकून घ्या हो थोडं. दिलात जागा पायजे, बाकावर आपोआप होते," असं तो सगळ्यांना सांगतो. स्वतः खिडकीशी असतो आणि खिडकी सोडत नाही. दुसऱ्याच्या जागेबद्दल इतकं औदार्य जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल.

आमच्या गल्लीतले गुरुजी याच पंथाचे मठाधिपती. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या अंगणात सहा बाय आठचं खुराडं बांधलं आणि चोवीस गिरिराज कोंबड्या ठेवल्या. कोंबडीला दोन चौरस फूट, म्हणजे हाऊसफुल्ल. तिथे बाजारातून आठ खाकी कॅम्पबेल बदकं आली. काकूंनी विचारलं, "यायले ठेवता कुठं?" गुरुजी दुखावले. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर, १९३६ साली गांधीजी जिथे राहायला आले त्या मातीत, कोंबडी आणि बदक यांच्यामध्ये भिंत?

विनोबांनी भूदानात जमिनीचा सहावा हिस्सा मागितला होता. गुरुजींनी तोच हिशेब खुराड्याला लावला. अठ्ठेचाळीस चौरस फुटांचा सहावा हिस्सा आठ, बदकंही आठ! फरक एवढाच, की विनोबा मालकाकडे मागत. गुरुजींनी कोंबड्यांच्या वतीनं परस्पर देऊन टाकलं.

पहिल्याच रात्री समन्वय सुरू झाला. कोंबड्या दांडीवर चढून झोपतात, बदकं जमिनीवर. "पाहा, दुमजली सोय!" गुरुजी म्हणाले. वरच्या मजल्यानं रात्रभर खालच्या मजल्यावर काय टाकलं, ते सकाळी बदकांच्या पाठीवर दिसलं. बदकांनीही उधारी ठेवली नाही. बदक नुसतं पाणी पीत नाही. डोळे-नाक धुवायला ते डोकं बुडवतं आणि उरलेलं भोवती उडवतं. मध्यरात्रीपर्यंत खाली अंथरलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा चिखल झाला. त्या चिखलातच बदकांनी पहाटे अंडी घातली. सकाळी दार उघडलं, तर अमोनियाच्या वासानं गुरुजींच्याच डोळ्यांना पाणी आलं. काकूंना वाटलं, एकोपा पाहून गहिवरले.

आठवडाभरात कोंबड्या ढाळू लागल्या, तेव्हा जनावरांचे डॉक्टर आले. "गुरुजी, ओल्या कुटारात रक्ती हगवण वाढते. पाणी खुराड्याबाहेर ठेवा. बदकाले रात्री निजाले तीन-चार चौरस फूट आणि दिवसा फिराले दहा-पंधरा लागते. नर बदक तर कोंबड्यायच्या अंगावर जाऊन त्यायले जखमी करते. अन् बर्ड फ्लू आला, तर बदक वरून धडधाकट दिसते अन् कोंबडीले देऊन मोकळं होते."

"पण संवाद वाढवला तर?" गुरुजींनी विचारलं.

"कोणाशी? हगवणीशी?"

आठ बदकांना बत्तीस चौरस फूट हवे होते. गुरुजींनी आधी शेजाऱ्याचं कंपाऊंड सुचवलं, "त्यांची गाडी थोडी सरकली तर." मग काकूंची कपडे धुवायची जागा सुचवली. मग तुळशीवृंदावनाकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. कडुनिंबाखालची सावली तेवढी त्यांना दिसत नव्हती, कारण तिथे त्यांची स्वतःची आरामखुर्ची होती. शेवटी काकूंनीच खुर्ची उचलली आणि तुराट्यांचा कूड घालून बदकांचं वेगळं घर उभं केलं. पाण्याचं घमेलं बाहेर, कुटार कोरडं, नर बदक या अंगाला, कोंबड्या त्या अंगाला. पंधरा दिवसांत ढाळ थांबली आणि अंडी स्वच्छ मिळू लागली.

गुरुजी हरले असं मात्र कोणी समजू नये. संध्याकाळी ते चार लोकांना जमवून कूड दाखवू लागले. "एकत्र कोंबलं की भांडण ठेवलेलंच. ज्याचं त्याचं खुराडं वेगळं असलं की प्रेम टिकते. हे मी पयलेपासूनच सांगत होतो."

बायको आणि दोन पोरांसह त्याच घरातल्या एका खोलीत बारा वर्षं राहणारा त्यांचा मोठा मुलगा मागे उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "बाबा, मंग वरचा मजला बांधून टाकू का?"

गुरुजी गरजले, "अरे, तुम्ही काय बदकं आहात?"

"नाही ना," मुलगा म्हणाला. "बदकायले भेटली जागा."