दिवाणखान्यात खोका आला हो!

दार लोटून घ्या आधी, मग सांगते. रावेतला आमच्या सोसायटीत आठव्या मजल्यावर परवा वास्तुशांत झाली. आरशासारख्या टाइल्स, फॉल्स सीलिंगमधून झिरपणारा उजेड, रिमोटवर सरकणारे पडदे. आणि या थाटाच्या मधोमध काय? चाकणच्या कारखान्यात माल उतरवून टाकून दिलेलं लाकडी पॅलेट! खाली चार चाकं, वर काच. त्याला म्हणायचं सेंटर टेबल. फोर्कलिफ्टनं काढलेला ओरखडासुद्धा तस्साच. बुजवशील तर पैसे मिळणार नाहीत, अशी सुताराला तंबी होती म्हणे. “रस्टिक लुक आहे हो काकू,” सूनबाई म्हणाल्या. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बोटात कूस गेली होती.

आता बघा, या घरातले आजोबा टेल्कोतले. पहिला बोनस झाल्यावर त्यांनी लोखंडी कपाट आणि सनमायकाचं टेबल आणलं, अन् गावाकडची घडवंची सरपणात घातली. चारचौघांत लाज वाटायची ना! त्यांचाच नातू आज चुलीत घालायच्या फळ्यांना पॉलिश मारून पाहुण्यांना दाखवतो. आजोबा सोफ्याच्या टोकाला बसून होते, टेबलाकडे पाठ करून.

पूर्वी ही खोकी निमूट कुदळवाडीच्या भंगारात जायची. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेनं तिथल्या गोदामांवर बुलडोझर फिरवला. पॅलेटं हुशार, ती त्याआधीच टॉवरमध्ये राहायला आली होती.

मोशीच्या वहिनींचं तर विचारूच नका. त्यांनी बैलगाडीचं चाक आडवं टाकून वर काच बसवलीय. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “बैल कुठं बांधलेत गं?” बैलगाडा घाटात पळावा म्हणून लोकांना २०२३पर्यंत सुप्रीम कोर्टात भांडावं लागलं, चाक मात्र लिफ्टनं सुखरूप अकराव्या मजल्यावर पोचलं.

खरं सांगू? आठव्या मजल्यावरचं ते टेबल दिसतं छान. त्या चकचकाटात डोळे टेकवायला तेवढीच एक जागा आहे. पण एकच हं. टेबलापाठोपाठ पॅलेटचा पलंग, पॅलेटचं देवघर असं सुरू झालं, की घर राहत नाही, गोदाम होतं.

आणि त्या फळीवर काळा शिक्का आहे, गव्हाच्या ओंबीचा. सूनबाईंना वाटतं, डिझाइन आहे! अहो, परदेशी ये-जा करणाऱ्या खोक्यांतून कीड जाऊ नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याची ती खूण. शेजारी देशाची अक्षरं असतात. पुढे ‘एचटी’ असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवलेलं. ‘एमबी’ असेल, तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. तसलं लाकूड उंबऱ्याबाहेरच बरं. वर कुठलं तेल सांडलं होतं, ते मात्र शिक्का सांगत नाही.

मी कप उचलायच्या निमित्तानं दोनदा वाकून वाचलं. एचटीच आहे. तेव्हा बोलावतील तेव्हा चहाला खुशाल जा, फक्त टेबलाच्या कडेवरून हात फिरवू नका.