दुखवट्यातला केक

२६ डिसेंबर २०२४ रोजी डॉ. मनमोहन सिंग गेले आणि १ जानेवारीपर्यंत राष्ट्रीय दुखवटा लागला. अशा आठवड्यात वाढदिवस येणाऱ्या भावी नगरसेवकांना नावे ठेवणे अन्यायाचे आहे. दुखवट्यात बंद असतात ते सरकारी करमणुकीचे कार्यक्रम. आमच्या भावी नगरसेवक भाऊंचा वाढदिवसाचा डीजे संपूर्ण खासगी. शिवाय ध्वजसंहितेचाच भक्कम आधार आहे. दुखवट्यात गांधी जयंती आली, तर पार्थिव ठेवलेली इमारत सोडून झेंडा पूर्ण उंचीवरच फडकतो. म्हणजे वाढदिवस दुखवट्याला भारी पडतो, हे सरकारलाच मान्य आहे.

कोणी म्हणेल, कुठे गांधीजी आणि कुठे भाऊ! त्याने चौकात जाऊन भाऊंचा फलक बघावा. गांधीजींचा एवढा मोठा फोटो तिथे कधी लागला होता? आणि भाऊ काही दगडाच्या काळजाचे नव्हेत. तलवार केकवर टेकवून दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, केकही प्रसंग ओळखून पांढऱ्या क्रीमचा असतो. खरे तर यापुढे दुखवटा जाहीर करण्याआधी गृहमंत्रालयानेच प्रभागनिहाय वाढदिवसांची यादी मागवावी. दिवंगत नेत्याचा विसर पडतो, हा आरोप तर निव्वळ खोटा. त्यांचाही फोटो फलकावर असतो: खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत.