सात बुचकळ्या

आमच्या मंडळीत प्रभूसाठी प्राण द्यायला तयार असलेली माणसं पुष्कळ आहेत. उपासनेनंतर खुर्च्या रचायला मात्र कोणी सापडत नाही. प्राण मागायला कोणी येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. खुर्च्या दर रविवारी असतात. नगरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, त्यामुळे आमच्यातल्या जुन्या घराण्यांना गायनाचा सराव पाच-सहा पिढ्यांचा आहे. सर्वस्व वाहून टाकण्याचं गीत आम्ही पेटी-तबल्यावर, डोळे मिटून, एकही कडवं न गाळता म्हणतो. ते संपतं आणि पाळकसाहेब सूचना देतात की येत्या शनिवारी सकाळी आवाराची साफसफाई आहे. त्यावर जी शांतता पसरते तिला नवीन आलेले पाळक मौन प्रार्थना समजतात. जुने पाळक सरळ पुढच्या सूचनेकडे वळतात.

याला मी नामानाची अडचण म्हणतो. नामान हा अरामाच्या राजाचा सेनापती, अंगावर कोड. बरं व्हायला निघाला तो दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख घेऊन. रथ-घोडे अलीशाच्या दारात उभे राहिले, तर हा संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही. निरोप पाठवला : यार्देन नदीत सात बुचकळ्या मार, बरा होशील. सेनापतीसाहेब भडकले. देवमाणूस बाहेर येईल, देवाचा धावा करील, कोडावरून हात फिरवील, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. आणि नदीच हवी तर आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट आहेत? (नगरकर असता तर म्हणाला असता, आमची सीना काय वाईट आहे? सीनेत बुचकळी मारायला आधी पाणी शोधावं लागलं असतं, तो भाग वेगळा.) शेवटी अक्कल सुचली ती चाकरांना. ते म्हणाले, धनी, काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलंच असतं ना? मग एवढी साधी गोष्ट का जड जाते?

त्या चाकरांची नावं पवित्र शास्त्रात दिलेली नाहीत. आमच्याकडे त्यांनी मंडळीला पंखा दिला असता तर नावं राहिली असती.

उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, अशी प्रभूची शिकवण आहे. आम्ही ती पाळतो. दात्याचं नाव आम्ही कुठल्याही हातावर लिहीत नाही, पंख्याच्या पात्यावर लाल रंगात लिहितो. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात दान गुप्त आणि हिवाळ्यात जाहीर. कापणीच्या सणाला तर औदार्य नुसतं उतू जातं. लोकांनी आणलेला भोपळा, गावरान कोंबडा, अंडी यांचा लिलाव होतो आणि एकेका अंड्यावर अशी बोली चढते की कोंबडीला कळलं तर ती मिशनरी होईल. हेच बोली लावणारे गृहस्थ सोमवारी मंडईत भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालतात आणि निघताना वर कढीपत्ता मागतात. भाजीवालीने अजून कधी त्यांना लिलावात पाहिलेलं नाही. पाहिलं तर जुडीचा भाव नक्की बदलेल.

प्रार्थनासभेची गंमत आणखी निराळी. चहाड्या करू नयेत हे आम्हाला इतकं पक्कं ठाऊक आहे, की आम्ही त्या करत नाही, विनंती करतो. 'अमक्यांच्या थोरल्याला प्रार्थनेत ठेवा हं. बाकी काही नाही. तो हल्ली रात्री उशिरा येतो, आणि येतो तो कसा येतो हे प्रभूला माहीत आहे.' प्रभूला आधीपासून माहीत असतं. आता गल्लीलाही माहीत होतं. 'आमेन' म्हणेपर्यंत बातमी भिंगारला पोचलेली असते.

पण या सगळ्यांवर कडी आमच्या एका मामांची. पेत्राने विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर मिळालं, सत्तर गुणिले सात. मामा पेशाने तलाठी. त्यांनी ४९० हा आकडा मनावर घेतला. त्यांचा चुलतभाऊ दर पेरणीला बांध कोरतो, आणि मामा त्याला दरवेळी क्षमा करून वहीत तारीख टाकतात. खरीप आणि रब्बी धरून वर्षाला दोन क्षमा. या वेगाने ४९० भरायला २४५ वर्षं लागतील. तोवर बांध उरणार नाही, याची मामांना काळजी वाटते. प्रीती असल्या नोंदी ठेवत नसते असं पौलाने करिंथकरांना लिहिलेलं आहे, हे आजीने त्यांना एकदा वाचून दाखवलं. मामा म्हणाले, 'पौलाला शेती नव्हती.'

आजीचं आवडतं पत्र मात्र पौलाचं नव्हे, याकोबाचं. भुकेल्या भावाला नुसतं 'जा, सुखाने राहा, पोटभर जेव' म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही, याचा काय उपयोग, असं याकोब विचारतो. मार्टिन ल्यूथरला हे पत्र फारसं रुचलं नव्हतं. १५२२ साली त्याने त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. विश्वासानेच तारण, हा त्याचा मुद्दा बरोबरच होता. पण जर्मनीत पाऊस चांगला पडत असावा. आमच्या जिल्ह्यात चारा छावणीच्या दारात उभं राहून पेंढ्याला कमी लेखून दाखवावं.

याकोबाचं पत्र जगून कुणी दाखवलं म्हणाल, तर मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. लक्ष्मीबाई पाचेक वर्षं थांबल्या आणि मग आपल्या पायांनी आल्या. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, दारी आलेला माणूस रिकामा परत जात नसे. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं की आज्ञा पाळली ती नक्की कुणी? देऊन मोकळं होणाऱ्याने, की दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी हात घालणारीने? माझं मत डब्याच्या बाजूने आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि दहा-अकरा अध्यायांवर १९१९ साली ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, तेव्हा केडगावला पहिला प्रश्न पडला तो धर्मशास्त्राचा नव्हे, धान्याचा, कपड्यांचा आणि पाण्याचा. त्यांनी विहिरी खणून घेतल्या.

आमच्या मंडळीत अशी एक बाई आहे. मागच्या बाकावर बसते, साक्ष द्यायला कधी उठत नाही, गाण्यात सूर लागत नाही. काहीही काम सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं : 'मला नका सांगू बाई, माझे गुडघे गेलेत.' आणि रात्री सिव्हिल हॉस्पिटलात कुणा पेशंटजवळ बसायला माणूस हवा असला, की डबा, चादर आणि तेच गुडघे घेऊन ती दहा वाजता हजर. रात्रभर कुरकुरते, पण सलाईन संपायच्या आत नर्सला उठवते. प्रभूने दोन मुलांची गोष्ट सांगितली आहे. द्राक्षमळ्यात जा म्हटल्यावर एक 'जातो बाबा' म्हणाला आणि गेला नाही. दुसरा 'नाही जात' म्हणाला आणि मग गेला. पहिल्या मुलाचा वंश आमच्याकडे भरभराटीला आलाय, तोच कमिटीवर आहे. दुसऱ्याची ही एवढी एकच बाई.

हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, शपथांची गरजच पडू नये, ही डोंगरावरच्या प्रवचनातली आज्ञा मोबाइल आल्यापासून फारच अवघड झाली आहे. 'निघालोच, चौकात पोचलोय' हे वाक्य तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत बोलणारे किमान दोन वडीलजन मला माहीत आहेत. मागे पाण्याचा आवाज येत असतो. माळीवाड्याच्या चौकात धबधबा नाही, हे सगळ्या नगरला ठाऊक आहे.

तर, कापणीचा सण जवळ आला आहे. आपण सहकुटुंब या. जेवण आहे, लिलाव आहे, भोपळा मोठा आहे. उपासना साडेनऊला सुरू होते, म्हणजे साडेनऊलाच. उशीर होणार असेल तर फोन करा, पण आंघोळ उरकल्यावर करा.