चार कुलुपे आणि एक छत्री

माझ्या घराला चार कुलुपे आहेत. ती लावून प्रत्येकास तीन हिसके देऊन खातरजमा केल्याखेरीज, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन चौथा हिसका दिल्याखेरीज, माझे पाऊल गल्लीबाहेर पडत नाही. दूधवाल्याचे माप, वाण्याचा तराजू आणि धाकट्या मेहुण्याचे प्रत्येक वाक्य यांविषयीचा संशय मनाच्या दप्तरी कायमचा दाखल असल्यामुळे आजवर माझी फुटकी कवडीही चोरीस गेलेली नाही. मात्र आम्लपित्त, निद्रानाश आणि सतरा किल्ल्यांचा जुडगा एवढी मालमत्ता जमली आहे. डॉक्टर म्हणाले, “काळजी सोडा.” मी त्यांनी दिलेल्या औषधाच्या बाटलीचे बूच आधी कोणी उघडले नव्हते ना, ते निरखून पाहिले.

अशात एका लग्नानिमित्त आटपाडीस जाणे झाले आणि रिकाम्या दुपारी स्वतंत्रपूर पाहण्याची बुद्धी झाली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या साह्याने १९३९ साली तेथे कैद्यांची वसाहत वसविली आणि तिला भिंत घालण्याचे बुद्ध्याच टाळले. खुनाची शिक्षा झालेली माणसे तेथे बायकामुलांसह शेती करून राहू लागली. ज्या मुलखात पाऊसदेखील वर्षानुवर्षे शब्द फिरवीत आला, तेथे कैद्याच्या शब्दावर तुरुंग उभारणे हे धाडसच म्हणायचे! माडगूळच्या गदिमांनी यावरच कथा रचली, शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो मी खिशावर हात ठेवून पाहिला.

वसाहतीच्या कडेला एक मनुष्य डाळिंबांना पाणी देत होता. माझ्या मनगटाला दोरीने बांधलेली पिशवी त्याने दुरूनच हेरली.

“पाव्हनं, कोन लागलंय तुमच्या मागं?”

“कोणी नाही,” मी म्हणालो.

“मग यवडा बंदोबस्त?”

याचे उत्तर मजजवळ नव्हते. त्याने तांब्याभर पाणी दिले, बांधावर बसविले, पिकाचे सांगितले, आणि मुलीच्या शाळेचे बोलता बोलता स्वतःच्या जन्मठेपेचा उल्लेख अशा सहजतेने केला, की जणू ती त्याच्या सातबाऱ्यावरची जुनी नोंद असावी. “झोप लागते का?” मी विचारले. “पडलं की लागतीया,” तो म्हणाला. मला त्याचा मत्सर वाटला. बाहेरच्या माणसाला कैद्याचा वाटावा तेवढा.

एस.टी.ची वेळ झाली म्हणून लगबगीने निघालो, तो मागून हाक आली. माझी छत्री बांधावर राहिली होती. ती हाती घेऊन तो धावत आला आणि रस्त्याच्या अलीकडे एका जागी थबकला. तेथे भिंत नव्हती, तार नव्हती, दगडसुद्धा नव्हता.

“माजी हद्द हितवर,” तो म्हणाला. “तुमीच या.”

मी परत गेलो आणि छत्री घेतली. पिशवीची दोरी मात्र घरी पोचेपर्यंत मनगटालाच होती.