द्वैभाषिक डॉक्टरेटसाठी अर्ज कसा करावा : नावनकर उमेदवारांसाठी मार्गदर्शिका

मानसशास्त्राची पदवी पदरात आहे, घरात मराठी आणि दाराबाहेर इंग्रजी बोलतो, मुक्काम आयर्लंडच्या मीद परगण्यातल्या नावनला आहे, आणि आता क्लिनिकल सायकॉलॉजीची द्वैभाषिक डॉक्टरेट करायची आहे, अशा उमेदवाराने पहिली पायरी नीट समजून घ्यावी. द्वैभाषिक अभ्यासक्रम शोधण्यात वेळ घालवू नये. आयर्लंडमध्ये ही डॉक्टरेट डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात, शिवाय गॉलवे, लिमरिक आणि कॉर्कला मिळते. तीन वर्षं पूर्णवेळ, शिकवणं इंग्रजीतून. प्रशिक्षणार्थी हा एचएसई या सरकारी आरोग्यसेवेचा पगारी माणूस असतो, त्यामुळे जागा मोजक्या आणि अर्ज उदंड. द्वैभाषिक व्हायचं ते उमेदवाराने, आणि तेही स्वखर्चाने. नावनला प्रवासी रेल्वे नाही, पण १०९ नंबरची बस डब्लिनला जाते. त्या प्रवासात पुढील विवेचन वाचून होईल.

अर्जाची खरी परीक्षा भाषेच्या रकान्यात आहे. पदवी परदेशी असेल तर इंग्रजी येतं याचा दाखला जोडावा लागू शकतो. मराठी येते याचा दाखला कोणी मागत नाही, तिथे उमेदवाराच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो. हा विश्वास हृद्य आहे, पण ज्या गोष्टीला गुण नाहीत तिच्यावरच संस्था इतका विश्वास टाकतात, हे चाणाक्ष उमेदवाराने ओळखावं. म्हणूनच बहुतेक अर्जांत ‘मराठी, हिंदी : अस्खलित’ ही ओळ गिर्यारोहण आणि पाककला यांच्या शेजारी जाऊन बसते. आमची शिफारस अशी की ती तिथून उचलावी आणि रुग्णतपासणीच्या अनुभवाखाली ठेवावी. कारण भाषा ही तपासणीत अलंकार म्हणून येत नाही, ती निदान बदलते. मानसोपचारतज्ज्ञ लुईस मार्कोस आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली न्यूयॉर्कमधल्या, स्पॅनिश मातृभाषा असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मुलाखती दोन्ही भाषांतून घेतल्या. तीच माणसं इंग्रजीत जास्त आजारी ठरली. त्याच्या तीनच वर्षं आधी देल कास्तियो या संशोधकांनी नेमकं उलटं नोंदवलं होतं : रुग्ण मातृभाषेत अधिक भ्रमिष्ट दिसतात, परक्या भाषेत सावरलेले वाटतात. दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात म्हणून हा विषय निकालात काढावा, असं एखादा परीक्षक म्हणेल. पण कोणत्या बाजूला ते सोडा, रुग्ण कोणत्या भाषेत बोलला यावर कागदावरचा आजार हलतो, एवढं दोघांनाही मान्य आहे. शब्द शोधताना रेंगाळणं हे नैराश्यातलं मंदपण आहे की व्याकरणाची धास्ती, हे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या हाती निदानाची लेखणी द्यायची का, हा प्रश्न अर्जात सौम्य शब्दांत विचारता येतो. सौम्य शब्दांतच विचारावा, गुण त्यांच्या हातात आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं : त्यासाठी दुभाषे आहेत. दुभाष्याची कुचेष्टा करू नये, तो नसतो तेव्हा ते काम रुग्णाच्या शाळकरी लेकीवर येतं आणि आईचं दुःख तिला डॉक्टरला सांगावं लागतं. तरीही चांगला दुभाष्या सवयीने तुटक वाक्य जोडून देतो, विस्कळीत बोलणं सरळ करतो. मानसशास्त्रज्ञाला ऐकायचं असतं ते नेमकं तुटलेलं.

मग संख्येचा मुद्दा निघतो. नावनमध्ये मराठी रुग्ण असे असणार तरी किती? फार नाहीत, हे कबूल करून टाकावं. पण संख्येचा हा निकष लावायचाच, तर तो आधी आयर्लंडच्या घरच्या भाषेला लावून पाहावा. २०२२च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या १८ लाखांहून अधिक लोकांनी आयरिश येते असं लिहिलं. शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. तरीही राज्यघटना तिला पहिली राजभाषा म्हणते, आणि राजभाषा कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीने २०३० अखेरपर्यंत सरकारी नोकरभरतीत २० टक्के लोक आयरिश येणारे असावेत असं ठरवलं आहे. नावनहून मोटारीने अर्ध्या तासात राह खार्न गाठता येतं. तिथे १९३५ साली कॉनेमारातली २७ कुटुंबं सरकारने जमीन देऊन वसवली. ती आयरिश बोलत आली, आयरिशच बोलत राहिली, पण आयरिशभाषक प्रदेश म्हणून अधिकृत मान्यता मिळवायला त्यांना १९६७पर्यंत भांडावं लागलं. ज्या देशाने दुसऱ्या मातीत भाषा लावून जगवली, त्याला अल्पसंख्य भाषेचं महत्त्व नावनच्या मराठी माणसाने समजवावं लागू नये. लागतं, म्हणून ही मार्गदर्शिका. शिवाय मराठीचा उपयोग केवळ मराठी रुग्णापुरता नाही. दोन भाषांत वावरलेला माणूस केरळच्या परिचारिकेची किंवा पोलिश कामगाराची इंग्रजीतली अडखळ लवकर हेरतो, त्यासाठी त्याला मल्याळम यावी लागत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र परीक्षक घेत नाहीत, आपली माणसं घेतात. मराठी बाई मराठी मानसशास्त्रज्ञाकडे जाईलच कशाला? मंडळाच्या गणपतीत मोदकाच्या ताटापाशी ती पुन्हा भेटणार, आणि मग नवऱ्याविषयी काय काय बोललो ते आठवणार. हा आक्षेप खरा आहे. परकी भाषा कित्येकांना आडोसा देते, आईसमोर तोंडातून निघणार नाही ते इंग्रजीत सहज निघतं. पण यातून मराठीची गरज नाही असं सिद्ध होत नाही. कोणत्या भाषेत बोलायचं हे रुग्णाने ठरवावं, एवढंच सिद्ध होतं, आणि दुकानात एकच माल असेल तर निवडीला अर्थ उरत नाही. वेल्सने २०१२पासून आरोग्यसेवेत हेच धोरण धरलं : रुग्णाने मागण्याची वाट न पाहता वेल्श भाषेतली सेवा आपण होऊन पुढे करायची.

आता निवेदन लिहायला बसावं. त्यात ‘मला दोन संस्कृतींचा समृद्ध वारसा लाभला’ हे वाक्य टाळावं, समितीने ते त्या दिवशी बरेचदा वाचलेलं असेल. त्याऐवजी सांगावं की धारवाडला व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत बसवली, केवळ भाषांतर करून न थांबता तिथल्या मुलांवर पुन्हा प्रमाणित केली, आणि द्वैभाषिक मानसशास्त्र ही आपल्याकडे नवलाई नाही. मग आपण मराठीतून नेमकं काय करू शकतो ते लिहावं : मुलाखत, कसोटी, की फक्त धीर देणं. जे येत नाही ते लिहू नये. अर्ज इंग्रजीतच भरायचा आहे, आणि मुदत प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, तेवढी आधी विचारून घ्यावी.