मार्क-टू सर

मार्क-टू सरांना नुसतं ‘कसे आहात’ विचारलं तरी उत्तर येतं, “मांगच्यापेक्षा बरा हाय.” मांगचं म्हणजे कधीचं, हे आपण विचारायचं नसतं, ते आपणहून सांगतात. राजकमल चौकात गिलावडा खाताना पहिल्या घासाला चवीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. दुसऱ्या घासाला निकाल लागतो: “परवाच्याच्या मानानं तेल कमी, मऊपणात काई फरक नाही.” जगात एखादी वस्तू एकटी येते यावर त्यांचा विश्वास नाही. तिच्याआधी कोणती होती हे कळेपर्यंत ती त्यांना दिसतच नाही म्हणा ना.

अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते फिजिक्स शिकवतात. मुलांची समजूत अशी की, कितीही लिहा, सर दोनच मार्क देतात म्हणून हे नाव पडलं. खरं कारण कॅननचा ईओएस आर६ मार्क टू. हा मिररलेस कॅमेरा नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला आणि सरांच्या कपाटातला, जुलै २०२० मध्ये जाहीर झालेला साधा आर६ एका रात्रीत म्हातारा झाला. अंगावर ओरखडा नव्हता, बिघाड नव्हता, सरांनी लग्नाबारशांचे सोडून फारसे फोटोही काढले नव्हते. पण धाकटा भाऊ जन्माला आला होता.

नवा घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. कंपनीच्या आकड्यांनुसार बॅटरी आणि कार्डासकट जुना ६८० ग्रॅम, नवा ६७०. माझ्या दोन तळहातांवर दोन कॅमेरे ठेवून सर म्हणाले, “डोये मिटा अन् सांगा, हलका कोन्ता?” मी म्हणालो, उजवा. “पाहा!” सर गरजले. “दहा ग्रॅमही मानसाले समजतात!” नवा डाव्या हातावर होता. ते निरीक्षण वहीत गेलं नाही.

वही म्हणजे जर्नलच. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, आणि प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर लाल शाईत ‘इतर सर्व बाबी समान’. लेन्स एकच, ती या धडावरून त्या धडावर चढायची. अडचण एकच झाली. नव्याचे पैसे जुळवायला सरांनी जुना अकोल्याच्या साडूभाऊंना विकून टाकला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की नवा तर आणला, पण तो नवा आहे हे सिद्ध कशाच्या जोरावर करायचं? तेव्हापासून दर सुट्टीला सर अकोल्याला. लेकीच्या सासरी बाप जसा खुशालीच्या निमित्तानं सगळं निरखून येतो तसे ते साडूंच्या दुकानात बसतात: लेन्सला झाकण आहे का, काच कापडानं पुसता का सदऱ्यानं, चार्जिंग वेळेवर होतं का. मग चहा अर्धा ठेवून, “दोन दिवस माहेरी नेतो” म्हणून कॅमेरा घेऊन निघतात.

साडूंचा सरकी-ढेपेचा व्यापार. त्यांनी कॅमेऱ्याची चकती ‘ए प्लस’वर, म्हणजे पूर्ण ऑटोवर, जी ठेवली ती आजतागायत हलवलेली नाही. “आपल्याले काय, बटन दाबलं का फोटो येते,” एवढंच त्यांचं शास्त्र. फोटो बरे येतात, हा सरांच्या आयुष्यातला मोठा सल.

आता न्यायानं सांगायचं तर नवा कॅमेरा खरोखर चांगला आहे. जुन्याचा व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबायचा. नव्यात ती मर्यादा गेली. सरांना ही क्रांती वाटते. निरोप समारंभात बसणाऱ्या आम्हाला जुनाच समजूतदार वाटायचा, कारण तो थांबला की वक्त्यालाही घड्याळ आठवायचं. जुना फोरके-साठच्या व्हिडिओवर दणदणीत तापायचा, नवा बराच वेळ दम धरतो. पण दोघांच्याही माहितीपत्रकात वापराचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलेलं आहे, आणि हे लिहिणाऱ्यानं मे महिन्यातला अकोला बघितलेला नाही. तिथे पारा ४५च्या पुढे जाणं ही बातमीसुद्धा होत नाही. सरांनी भर दुपारी साडूंच्या गच्चीवर दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी मांडले, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि मिनिटामिनिटाची नोंद सुरू केली. आधी कोण बंद पडतं, एवढाच प्रश्न होता. आधी सर बंद पडले. खाली आणून वाळ्याच्या कूलरसमोर निजवलं, कैरीचं पन्हं पाजलं. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न: “मांगचा बंद पडला का?”

लग्नसराई ही त्यांची मोठी प्रयोगशाळा. पैसे घेत नाहीत, म्हणून कोणी नाही म्हणत नाही. नव्या कॅमेऱ्याला माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी यांच्याशिवाय घोडा, आगगाडी आणि विमानही ओळखता येतं. घोडा म्हटल्यावर वरात आलीच. सरांनी चाचणीसाठी म्हणून मुद्दाम निवड ‘प्राणी’वर ठेवली, आणि कॅमेऱ्यानं इमानानं घोडीचा डोळा धरला तो सोडलाच नाही. नंतर घरी मोठ्या पडद्यावर पापणीचा केस न् केस दाखवताना सरांचा ऊर भरून आला होता. वरती शेरवानीत एक धूसर आकार होता. नवरदेवाचे वडील बराच वेळ बघून म्हणाले, “सर, लगन पोराचं होतं, घोडीचं नाही.”

आगगाडीची चाचणी मात्र राहूनच गेली म्हणायची. सासुरवाडी मूर्तिजापूरची, अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध. तेव्हा गाडी म्हणजे तिथून अचलपूर-यवतमाळला जाणारी नॅरोगेजची शकुंतलाच हवी, हा सरांचा हट्ट. ती कितीतरी वर्षांपासून धावत नाही. सर तरीही जाऊन आले. वहीत नोंद आहे: ‘विषय अनुपलब्ध.’

आणि ते बटण. जुन्यात चालू-बंदचा खटका डावीकडे होता. नव्यात तो उजवीकडे गेला आणि डावीकडे त्याच जागी फोटो-व्हिडिओचा खटका आला. कागदावर एका ओळीचा फरक. पण सरांचा डावा अंगठा मागच्या आवृत्तीतच राहिलेला. दर्यापूरच्या एका लग्नात दोन मंगलाष्टकांच्या मध्ये त्यांनी बॅटरी वाचवायला कॅमेरा ‘बंद’ केला, शेवटच्या ‘सावधान’ला ‘चालू’ केला आणि बटणावर बोट दाबून धरलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, हार पडले, आणि कार्डावर काही नाही. कॅमेरा व्हिडिओकडे तोंड करून बसला होता. सर डगमगले नाहीत. त्यांनी आंतरपाट पुन्हा धरायला लावला. भटजी म्हणाले, “सर, मुहूर्त गेला.” “जाऊ द्या,” सर म्हणाले, “बाकी साऱ्या बाबी समान हायत.” लोकांनी परत अक्षता टाकल्या. या वेळी सेकंदाला ४० फोटो निघाले. जुना २० काढायचा. काही सेकंदांत शेकडो. त्या लग्नातल्या पोरीला मुलगा झाला, बारसं झालं, आणि सरांची फोटोंची निवड अजून हारापर्यंत पोचायची होती. शिवाय नव्या कॅमेऱ्यात एक सोय अशी, की बटण दाबायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदातलेही फोटो कॅमेरा ठेवून देतो. हे ऐकून वहिनी आतून म्हणाल्या, “तुमच्यावरच गेला म्हना. नजर मांगंच.”

फोटोचं म्हणाल तर जुना २० मेगापिक्सेल, नवा २४. भिंतीवर लावायच्या आकारात दोघांतला फरक मला कधी दिसला नाही, आणि तो कुणालाच दिसेल असं मला वाटत नाही. नव्याचं बळ आहे ते नेम धरण्यात आणि व्हिडिओत. सरांना हे मान्य नाही. ते संगणकावर चित्र इतकं मोठं करतात, की वधूची नथ राहत नाही, नुसते चौकोन उरतात. “हे पाहा, याच्या सावलीत दाने कमी.” मी हो म्हणतो. नाही म्हटलं की आणखी मोठं करतात.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजेश्वराची कावड निघते. रात्री गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि खांद्यावर वाहून शहरात देवाला आणून घालायचं. ढोल, पालख्या, पाण्याच्या भरण्यांच्या उतरंडी. अंधारात, धावत्या गर्दीत कॅमेऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. सर तिपाई रोवून एकेक आयएसओ चढवत दोन्ही कॅमेऱ्यांची जोडचित्रं काढत होते. जरा वेळानं साडूंनी “आना हिकडे” म्हणून जुना उचलला आणि गर्दीत घुसले. पुढल्या वर्षी चौकात मंडळाच्या फलकावर एक फोटो झळकला: भरण्याखाली वाकलेला खांदा, त्यावर ओघळणारं पाणी, मागे दिव्यांची रांग. साडूंचा. सर फलकाखाली उभे राहून बराच वेळ बघत होते. “चांगला हाय. पन मार्क टूनं काढला असता तर…”

“थो तिथंच होता ना, भाऊ,” साडू म्हणाले.

या सगळ्याचं मूळ कॅमेऱ्यात नाही, हे मला मूर्तिजापूरच्या पंगतीत कळलं. सर त्या घरचे थोरले जावई. काही वर्षं एकटेच होते, तेव्हा सगळं त्यांचंच कौतुक. मग अकोल्याचे आले आणि सासूबाईंनी तुलनात्मक अभ्यास सुरू केला. “धाकले जावई दोन पोया जास्त घेतात.” “धाकले आले का आधी विहिरीची मोटर पाह्यतात.” “थोरले चांगलेच हायत, पन बोलत नाहीत जास्त.” सर मान खाली घालून वांग्याची भाजी कालवत होते. फिजिक्सच्या माणसाला घरच्या तक्त्यातला आपला रकाना बरोबर कळत होता. जेवण झाल्यावर त्यांनी सासूबाईंना ओसरीत बसवून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढला आणि विचारलं, “आई, कोन्ता चांगला?” सासूबाईंनी दोन्ही पाहिले. “दोघातही म्या कायीच दिसून राह्यली,” म्हणाल्या.

मागच्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५च्या, कॅननचा मार्क थ्री आला. ३२.५ मेगापिक्सेल. तुळशीचं लग्न आटोपलं आणि सासुरवाडीच्या शेंडेफळाचंही ठरलं. लग्नात सर आणि साडू दोघे गळ्यात कॅमेरे अडकवून मांडवभर घामाघूम. नवा जावई हसरा, कुठल्याशा कंपनीत नोकरीला. हार पडल्याबरोबर त्यानं खिशातून फोन काढला, हात लांब केला, सासूबाईंना जवळ ओढलं आणि टिचकी मारली. सासूबाईंनी तिथल्या तिथे तो फोटो आपल्या व्हॉट्सॲपला लावून घेतला. “याच्यात कशी गोरी आली पाहा मी! हे जावई भल्ले हुशार हायत, बाप्पा.”

पंगतीत साडू नेहमीपेक्षा दोन पोळ्या कमीच जेवले. मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन सरांच्या शेजारी येऊन बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

“भाऊ, थो मार्क थ्री कितीले बसते?”

सरांनी पिशवीतून वही काढली.