धूमकेतू नाय दिसला तर बार्बेक्यू फ्री

पावसामुळे २६ सप्टेंबरचा पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला. त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू मात्र दुसऱ्या दिवशी, २७ सप्टेंबर २०२४ रोजी, ठरल्याप्रमाणे सूर्यापाशी हजर. ना मांडव, ना हेलिपॅड, ना ताफ्यासाठी अडवलेले रस्ते. जानेवारी २०२३ मध्ये चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेने त्याला पहिल्यांदा टिपलं, पुढच्या महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलस दुर्बिणीने. मग गणित मांडून येण्याची तारीख जाहीर झाली आणि ती पाळली गेली. खंडाळ्याच्या घाटात एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकचं २०१९ पासूनचं काम तेव्हाही चालूच होतं. संबंधितांनी नोंद घ्यावी.

सूर्याजवळून जाताना याचा वेग ताशी सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेरे लागलेत, काटा शंभरापुढे सरकला की चलान मोबाइलवर. याला काही आलेलं नाही. नंबरप्लेट परराज्यातली असेल.

मुहूर्त तेवढा चुकला. ऐन पितृपक्षात कोण येतं? या पंधरवड्यात मावळात जागेचं साठेखत होत नाही, नवी गाडी दारात येत नाही, निवडणुकीचे इच्छुकसुद्धा पक्षप्रवेश घटस्थापनेवर ढकलतात.

धंद्याला मात्र पक्ष नसतो. पवनेच्या काठावरच्या एका कॅम्पवाल्याला फोन केला.

"दिसनार म्हंजी? दिसनारच, सर! टेंट, नाष्टा, लाइव्ह म्युझिक, धूमकेतू, समदं पॅकेजात हाय."

"पहाटे सव्वापाच ते पावणेसहा, पूर्वेला अगदी क्षितिजालगत असतो तो. तुमच्या पूर्वेला काय आहे?"

"तिकोना."

"आणि ढग आले तर?"

"नाय दिसला तर बार्बेक्यू फ्री."

"बरं, ते झाडांवरचे दिवे पहाटे तासभर बंद ठेवाल?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग समजुतीच्या सुरात, "सर, दिवे बंद केल्यावर लोकं रील कशात काढनार?"

त्याचं काय चुकलं? पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे, पण एवढ्या वर्षांत त्यांना डीजे लावायचं सुचलं नाही. इकडे लोणावळ्यात बंगल्याबंगल्यावर फ्लडलाइट, स्विमिंग टँकच्या तळाशी निळे दिवे. आणि पूर्वेला पाहावं तर तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवड रात्रभर उजेडात. त्या झगमगाटातून जो दिसेल तो धूमकेतू नसून मुंबईचं विमान असण्याची शक्यता जास्त.

तरी या पाहुण्याकडून आमच्या इच्छुकांनी शिकण्यासारखं बरंच आहे. सूर्यापासून ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर गेला आणि त्याच्या अंगातल्या बर्फाची वाफ होऊन तो झिजला. सत्तेच्या इतक्या जवळ जाऊन झिजलेला माणूस आमच्या तालुक्यात दाखवा. शेपटीचं शास्त्र मात्र इथल्यासारखंच: सौरवाऱ्याने आणि प्रकाशाच्या दाबाने ती कायम सूर्याच्या उलट बाजूला फेकली जाते. सूर्याकडे येताना ती मागे असते, परतताना पुढे. म्हणजे जाताना साहेब मागे आणि कार्यकर्ते पुढे. बंगल्याबाहेर गाड्या लागल्या की हा देखावा बिनदुर्बिणीचा दिसतो. जुलैमध्ये एका नामवंत तज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं की हा सूर्यापर्यंत पोचायच्या आतच फुटणार. फुटला नाही. ऐन मोक्याच्या वेळी न फुटलेला कुणीतरी महाराष्ट्राने बऱ्याच दिवसांनी पाहिला.

त्याचा पुढचा कार्यक्रमही ठरलेला होता. १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्यालाच, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता. जवळ म्हणजे सात कोटी किलोमीटर. त्यानंतर तो संध्याकाळी पश्चिमेला दिसणार होता. सूर्य बुडाल्यावर पाऊणएक तासाने लोणावळ्याच्या टायगर पॉइंटच्या बाजूला जायचं, भजीच्या गाड्यांकडे पाठ करायची, साधी बायनॉक्युलर पुरणार होती. तोवर परतीचा पाऊस आटोपला आणि आचारसंहिता लागली, तर निदान भावी आमदारांचे फ्लेक्स उतरतील आणि क्षितिजाचा तेवढा तुकडा मोकळा होईल, एवढीच आशा होती.